डीएफडी कशात काढायची? सॉफ्टवेअर निवडताना आणि वापरताना

प्रोजेक्टचा अहवाल बाइंडिंगला द्यायचे दिवस जवळ आले की श्रीरामपुरातल्या विद्यार्थ्यांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. डेटा फ्लो डायग्राम, म्हणजे डीएफडी, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढायची? सरांनी गोल सांगितला, पुस्तकात चौकोन आहे, मग खरं काय? लेव्हल झिरो म्हणजे पहिली आकृती की दुसरी? घरी काढलेली आकृती झेरॉक्सच्या दुकानात उघडली तर मराठी अक्षरं का तुटली? हेच प्रश्न आता पतसंस्था, दूध संकलन केंद्रं आणि कृषी सेवा केंद्रांना सॉफ्टवेअर करून देणारी तरुण मुलंही विचारू लागली आहेत. फरक एवढाच की त्यांच्या आकृतीवर गुण मिळत नाहीत, बिल मिळतं. म्हणून दोघांसाठी मिळून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. डीएफडी बिघडते ती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे नव्हे, तर काम न पाहता आकृती काढल्यामुळे. तरीही सॉफ्टवेअरची निवड महत्त्वाची आहे, कारण आकृती एकदा काढून संपत नाही. ती आठ-दहा वेळा बदलावी लागते. जे साधन हे बदल सोपे करतं ते चांगलं, एवढीच कसोटी धरा.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे ठरवा

तीन गोष्टींची उत्तरं कागदावर लिहा.

- आकृती कोण वाचणार? परीक्षक, कारखान्याचा शेतकी अधिकारी, की तुमच्याच टीममधला प्रोग्रॅमर? परीक्षकाला छापील पान लागतं, अधिकाऱ्याला मराठी शब्द लागतात, प्रोग्रॅमरला बदलता येणारी फाइल लागते.
- इंटरनेट आणि वीज किती भरवशाची? गावात राहून काम करणार असाल तर फक्त ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनावर सगळा भार टाकू नका.
- फाइल आणखी कोण उघडणार? प्रोजेक्ट तिघांचा असेल तर तिघांच्याही संगणकावर ती उघडली पाहिजे. एकाकडे महागडं सॉफ्टवेअर आणि दोघांकडे नाही, अशी स्थिती असेल तर सगळे बदल एकाच्याच गळ्यात पडतात.

मग पेन्सिल घ्या. पहिला आराखडा कागदावरच काढा. माउसनं काढलेली पहिली आकृती देखणी दिसते आणि म्हणूनच ती खोडावीशी वाटत नाही. कागदावरची खोडताना जीव अडकत नाही.

गोल की चौकोन?

दोन्ही बरोबर आहेत. डीएफडीच्या दोन पद्धती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाल्या आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत दोन्ही आल्या.

- यॉर्डन आणि डीमार्को पद्धत: प्रोसेससाठी वर्तुळ, डेटा स्टोअरसाठी दोन समांतर रेघा, बाहेरच्या घटकासाठी आयत.
- गेन आणि सार्सन पद्धत: प्रोसेससाठी गोलसर कोपऱ्यांचा आयत, डेटा स्टोअरसाठी एका बाजूनं उघडा आयत, बाहेरच्या घटकासाठी चौकोन.

बाण दोन्हींत सारखेच. तुमचे गाइड जी पद्धत शिकवतात ती घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. एका पानावर वर्तुळ आणि दुसऱ्या पानावर आयत, ही चूक परीक्षकाच्या नजरेत लगेच भरते. निवड तुमच्या हातात असेल तर मी गेन आणि सार्सन सुचवीन. कारण साधं आहे. आयतात मराठी मजकूर दोन-तीन ओळींत नीट बसतो, वर्तुळात तो कडांना भिडतो.

लेव्हलच्या नावाचा गोंधळही पुस्तकांमुळेच आहे. काही पुस्तकं सगळी यंत्रणा एकाच प्रोसेसमध्ये दाखवणाऱ्या पहिल्या आकृतीला लेव्हल झिरो म्हणतात. काही तिला कॉन्टेक्स्ट डायग्राम म्हणतात आणि तिच्या पुढच्या, मोडून दाखवलेल्या आकृतीला लेव्हल झिरो. वाद घालत बसू नका. पहिल्या पानावर ‘कॉन्टेक्स्ट डायग्राम’ असं स्पष्ट शीर्षक द्या आणि पुढच्या आकड्यांसाठी गाइडचं पुस्तक प्रमाण माना.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

ड्रॉ डॉट आयओ. बहुतेकांसाठी माझं उत्तर हेच आहे. काही वर्षं ते डायग्राम्स डॉट नेट या नावानंही ओळखलं जात होतं. ते मोफत आहे, त्यासाठी खातं उघडावं लागत नाही, आणि ब्राउझरखेरीज विंडोज, मॅक व लिनक्ससाठी त्याची वेगळी डेस्कटॉप आवृत्ती मिळते. ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. फाइल तुमच्या संगणकावर ठेवायची, पेन ड्राइव्हवर की गूगल ड्राइव्हवर, हे तुम्हीच ठरवता. डाव्या पट्टीच्या तळाशी ‘मोअर शेप्स’ आहे. तिथून डेटा फ्लो डायग्रामच्या चिन्हांचा संच चालू करता येतो. मात्र विंडोज ७ वरच्या जुन्या मशीनवर नवी डेस्कटॉप आवृत्ती चालत नाही, हे लॅबमध्ये बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लिबर ऑफिस ड्रॉ. हेही मोफत आणि पूर्ण ऑफलाइन. मेनू मराठीत हवे असतील तर तेही मिळतात. जुन्या संगणकावर याची जुनी आवृत्ती टाकता येते. डीएफडीची तयार चिन्हं यात नाहीत, ती आयत आणि रेघांतून स्वतः करावी लागतात. पण कनेक्टर चांगले आहेत: चौकोन हलवला की बाणही सोबत येतो.

मायक्रोसॉफ्ट व्हिजिओ. कंपन्यांत याचा वापर बराच आहे आणि गेन-सार्सन चिन्हांचा तयार संच यात असतो. पण ते विकत घ्यावं लागतं आणि मॅकसाठी त्याची डेस्कटॉप आवृत्ती नाही. तुमच्या कॉलेजकडे मायक्रोसॉफ्टचा शैक्षणिक परवाना आहे का, आणि त्यात व्हिजिओ येतं का, हे संगणक विभागात विचारा. असेल तर जरूर वापरा. फक्त प्रोजेक्टसाठी खिशातून पैसे घालू नका. कुणी व्हिजिओची फाइल पाठवली तर ती ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडता येते.

ल्युसिडचार्ट. दोघा-तिघांनी एकाच वेळी एकाच आकृतीवर काम करायला हे छान आहे. पण सगळं ऑनलाइन, आणि मोफत खात्यात बदलता येतील अशा आकृत्यांची संख्या मर्यादित. कॉन्टेक्स्ट डायग्राम आणि दोन लेव्हल वेगवेगळ्या फाइलींत काढल्यात तर ती मर्यादा तिथंच गाठली जाते.

मर्मेड आणि ग्राफव्हिझ. यांत आकृती काढायची नसते, लिहायची असते. कोणापासून कोणाकडे काय जातं ते ओळीओळीनं लिहिलं की मांडणी यंत्र करतं. कोड गिटहबवर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरना हे सोयीचं, कारण कोणती ओळ कधी बदलली ते दिसतं. छापील अहवालासाठी नको. मांडणी तुमच्या हातात राहत नाही आणि उघड्या आयताचं चिन्ह सहज मिळत नाही.

वर्ड आणि पॉवरपॉइंट. टाळा. वर्डमध्ये साध्या रेघांनी जोडलेली आकृती वरचा एक परिच्छेद वाढला की विस्कटते.

यॉर्डन-डीमार्को किंवा गेन-सार्सन चिन्हांसाठी डिया नावाचं जुनं मोफत सॉफ्टवेअरही काही पुस्तकांत सुचवलेलं दिसेल. त्याचं काम बऱ्याच वर्षांपासून मंदावलेलं आहे. नव्यानं शिकणाऱ्यानं तिकडे जायचं कारण नाही.

एक आकृती प्रत्यक्ष काढू या: ऊस नोंदीपासून बिलापर्यंत

लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या त्याच त्या आकृत्या सोडा. श्रीरामपूर तालुका उसाचा. अशोकनगरला अशोक सहकारी साखर कारखाना आहे, शेजारच्या राहात्यात प्रवरानगर आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी ऊस लावणारं कुणी ना कुणी असतंच. तेव्हा ऊस नोंदीपासून बिलापर्यंतची माहिती कशी वाहते, ते घ्या. प्रत्येक कारखान्याची रीत थोडी वेगळी असते. इथं दिलेला आराखडा ढोबळ आहे, तुम्ही तो प्रत्यक्ष विचारून दुरुस्त करायचा आहे.

*पहिली पायरी: सीमा आखा.* मधोमध एकच प्रोसेस: ‘ऊस नोंद व बिल प्रणाली’. भोवती बाहेरचे घटक: ऊस उत्पादक शेतकरी, तोडणी-वाहतूक ठेकेदार, विकास सोसायटी, बँक, आणि दर ठरवणारं संचालक मंडळ. चिटबॉय कुठे दाखवायचा, हा प्रश्न इथं हमखास पडतो. शेतावर जाऊन नोंद घेणारा चिटबॉय किंवा काट्यावरचा कारकून हे प्रणालीच्या आत काम करतात. ते बाहेरचे घटक नाहीत. त्यांचं काम म्हणजेच तुमची प्रोसेस. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘ॲडमिन’ नावाचा चौकोन बाहेर काढून ठेवण्याची सवय याच कारणानं चुकीची आहे.

*दुसरी पायरी: बाणांवर नावं लिहा.* बाणावरून माहिती जाते, माल जात नाही. उसानं भरलेली ट्रॉली डीएफडीत कुठेही येणार नाही. तिच्यासोबतची तोडणी चिठ्ठी येईल. आणि बाणावर माहितीच्या प्रकाराचं नाव लिहायचं, एखादी विशिष्ट किंमत नाही. ‘को ८६०३२’ असं लिहू नका, ‘उसाची जात’ असं लिहा. शेतकऱ्याकडून नोंदीकडे जाणाऱ्या बाणावर गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा, आणि लागणीची तारीख एवढं सगळं असतं. ते एका बाणावर मावत नाही. बाणावर फक्त ‘ऊस नोंद तपशील’ लिहा आणि त्यात काय काय येतं ते वेगळ्या डेटा डिक्शनरीत द्या.

*तिसरी पायरी: प्रोसेस मोडा.* पुढच्या लेव्हलवर साधारण या पाच प्रोसेस येतील:

१. ऊस नोंद घेणे
२. तोडणी कार्यक्रम ठरवणे
३. वजन करून पावती देणे
४. ऊस बिल तयार करणे
५. तोडणी-वाहतूक बिल तयार करणे

प्रत्येक नाव क्रियापदानं संपतं, हे पाहा. नुसतं ‘नोंद’ किंवा ‘बिल विभाग’ लिहिलं तर तिथं काय घडतं ते कळत नाही.

डेटा स्टोअर चार: ऊस नोंदी, तोडणी कार्यक्रम, वजन नोंदी, आणि कपाती.

*चौथी पायरी: बिलाची प्रोसेस नीट तपासा.* आकृतीचा कस इथं लागतो. चौथ्या प्रोसेसमध्ये आत काय येतं? वजन नोंदींतून निव्वळ वजन. ऊस नोंदींतून शेतकऱ्याचा खाते क्रमांक. बहुतेक विद्यार्थी इथंच थांबतात. पण दर कुठून आला? तो संचालक मंडळाकडून यायला हवा. सोसायटीच्या कर्जाची वसुली कुठून कळली? सोसायटीकडून येणे यादी याच प्रोसेसमध्ये आली, तिनं ती कपातींच्या स्टोअरमध्ये नोंदवली आणि बिल करताना तिथून घेतली. बाहेर काय जातं? शेतकऱ्याला बिल पावती, बँकेला जमा यादी, सोसायटीला वसुली यादी. दराचा बाण नसताना रुपये बाहेर पडत असतील तर ते पैसे हवेतून आले असं आकृती सांगते. परीक्षक किंवा लेखापाल नेमकं तिथं बोट ठेवतो.

आणखी एक बाण बहुतेकांचा राहतो, तो तारखेचा. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी लागते आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागू होतं. म्हणजे वजन नोंदींच्या स्टोअरमध्ये ऊस पोहोचल्याची तारीख असलीच पाहिजे आणि ती बिलाच्या प्रोसेसपर्यंत गेलीच पाहिजे. ती गेली नाही तर उद्या तयार होणारं सॉफ्टवेअर शेतकऱ्याचं व्याज मोजूच शकणार नाही. कागदावरचा एक राहिलेला बाण प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या खात्यावर येऊन आदळतो, म्हणून मी एवढा आग्रह धरतो.

*पाचवी पायरी: वरच्या पानाशी ताळा करा.* कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये शेतकऱ्याकडे जाणारे बाण जितके आणि ज्या नावांचे, तितकेच आणि त्याच नावांचे पुढच्या लेव्हलवरही हवेत. वर ‘वजन पावती’ आणि खाली ‘काटा पावती’ असं झालं तरी तो दोषच. एक शब्द ठरवा आणि तोच सगळीकडे वापरा.

ड्रॉ डॉट आयओ वापरताना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी

- एकाच फाइलमध्ये खाली टॅब करून प्रत्येक लेव्हलला स्वतंत्र पान द्या. वेगवेगळ्या फाइली केल्या की एकीत बदल होतो, दुसरीत राहून जातो.
- बाण मोकळा सोडू नका. आकाराच्या कडेवरून ओढत दुसऱ्या आकारावर न्या आणि तो आकार उजळला की सोडा. मग आकार हलवला तरी बाण सुटत नाही. प्रत्येक आकार एकदा हलवून पाहा, सुटलेला बाण लगेच कळतो.
- एकदा नीट केलेली प्रोसेस, स्टोअर आणि घटक यांचे नमुने ‘स्क्रॅचपॅड’मध्ये ठेवा. पुढची सगळी त्यातून घ्या, म्हणजे मापं आणि अक्षरं एकसारखी राहतात.
- दोन बाण एकमेकांवरून जाणं टाळताच येत नसेल तर रेघेच्या शैलीत ‘लाइन जंप’ लावा. पण आधी स्टोअरची जागा बदलून पाहा. बऱ्याचदा गुंता तिथंच सुटतो. एखादा घटक पानावर दोनदा दाखवला तरी चालतं.
- एका पानावर सात-आठ प्रोसेसच्या वर जाऊ नका. ए-फोर कागदावर त्यापुढची अक्षरं वाचता येत नाहीत.
- पीएनजी काढताना आकृतीची प्रत त्यात समाविष्ट करण्याचा पर्याय मिळतो. तो निवडलात तर तेच चित्र पुन्हा ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडून बदलता येतं. मूळ फाइल हरवली तर हाच आधार.

सॉफ्टवेअर ज्या चुका दाखवत नाही

इथं सांगितलेली चित्रं काढायची साधनं तुमचे बाण तपासत नाहीत. चुकीचा बाणही ती तितक्याच सुबकपणे काढून देतात. म्हणून छापण्याआधी बोट ठेवून हे पाहा:

- शेतकऱ्यापासून थेट बँकेकडे बाण आहे का? दोन बाहेरच्या घटकांमधला व्यवहार तुमच्या प्रणालीचा नाही. काढून टाका.
- एका स्टोअरमधून दुसऱ्या स्टोअरमध्ये, किंवा घटकाकडून थेट स्टोअरमध्ये बाण आहे का? मध्ये प्रोसेस हवीच. वही आपणहून लिहिली जात नाही.
- एखाद्या प्रोसेसमध्ये सगळं आत जातं आणि बाहेर काहीच येत नाही, किंवा उलट?
- एखाद्या स्टोअरमध्ये कुणी लिहितं पण वाचत कुणीच नाही? मग ते कशासाठी ठेवलं, हे विचारा. कदाचित गरज नसेल. कदाचित वाचणारी प्रोसेसच तुम्ही विसरला असाल.
- ‘हो’ आणि ‘नाही’ असे फाटे फुटलेला हिरा दिसतो का? तो फ्लोचार्टचा भाग आहे. डीएफडीत निर्णय आणि क्रम दाखवत नाहीत, फक्त माहिती कुठून कुठे जाते ते दाखवतात.

आता बरेच जण चॅटबॉटला सांगून आकृती करून घेतात. आराखड्यापुरतं ठीक आहे. पण त्यानं दिलेल्या आकृतीत सोसायटीची कपात नसेल, खोडवा नसेल, मुकादम नसेल, कारण ते तुम्ही सांगितलंच नाही. तिच्यातला प्रत्येक बाण ‘हे मी कुणाकडून ऐकलं?’ असं विचारून ठेवा किंवा काढा. तोंडी परीक्षेत उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

मराठी अक्षरं आणि छपाई

कारखान्यात किंवा पतसंस्थेत दाखवायची आकृती मराठीतच करा. आकृती त्याच्या शब्दांत वाचता आली तरच समोरचा माणूस चूक सांगतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आकृतीत चिकटवला तर फॉन्ट बदलताच त्याची भलतीच चिन्हं होतात.

दुकानात मूळ फाइल छापायला नेऊ नका. पीडीएफ न्या. फॉन्ट फाइलच्या आतच जातो, त्यामुळे जोडाक्षरं तुटत नाहीत.

वर्डच्या अहवालात आकृती घालायची असेल तर पीएनजी घाला आणि काढताना ‘झूम’ ३०० टक्के ठेवा. स्क्रीनशॉट नको, छापल्यावर तो धूसर होतो. एसव्हीजी घालण्याचा मोह होईल, कारण ते कितीही मोठं केलं तरी स्वच्छ राहतं. पण ड्रॉ डॉट आयओचं एसव्हीजी वर्डमध्ये उघडलं की काही वेळा मजकुराच्या जागी तो दाखवता येत नाही अशी इंग्रजी सूचना छापली जाते. बाइंडिंग झाल्यावर हे दिसलं तर उशीर झालेला असतो. एक पान आधी छापून पाहा, तेही काळ्या-पांढऱ्या रंगात, कारण बहुतेक प्रती तशाच निघतात. निळ्या आणि हिरव्या बाणांतला फरक मग राहत नाही.

परवाना आणि हक्क

- आकृती कोणाची? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार साधारणपणे ज्यानं काढली तो तिचा पहिला मालक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढली असेल आणि वेगळा करार नसेल तर मालकी नोकरी देणाऱ्याची. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्यांनी हक्क ग्राहकाला द्यायचे की नाहीत ते लेखी ठरवावं. तोंडी बोलण्यावर जाऊ नये.
- मोफत सॉफ्टवेअरवर केलेलं काम विकता येतं का? ड्रॉ डॉट आयओ किंवा लिबर ऑफिसमध्ये काढलेली आकृती तुमची आहे. तिचे पैसे घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. काही सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्त्या मात्र फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी असतात. काम घेण्याआधी परवान्याची ती ओळ वाचा.
- क्रॅक केलेलं व्हिजिओ? नको. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा त्याच कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे: कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण दंड तरीही ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. मोफत पर्याय समोर असताना हा धोका घेण्यात काहीच अर्थ नाही.
- लोकांची माहिती. आकृती समजावून सांगायला खऱ्या शेतकऱ्याचा आधार क्रमांक किंवा बँक खातं नमुना म्हणून टाकू नका, ऑनलाइन साधनात तर अजिबात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क माणसाला दिला आहे. संस्थेला तो पाळायचा तर कुणाची माहिती कोणत्या वहीत आणि कोणत्या टेबलात जाते हे आधी माहीत हवं. नीट काढलेली डीएफडी हेच दाखवते. पतसंस्थेचं काम करणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या ग्राहकाला आवर्जून सांगावी.
- परवानगी. कारखाना, पतसंस्था किंवा दवाखान्याची कामाची पद्धत तुमच्या अहवालात छापायची असेल तर तिथल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या. नाव न घालण्याची अट त्यांनी घातली तर ती पाळा.

जमा करण्याआधी

आकृतीचा प्रिंट घेऊन ज्याचं काम तुम्ही काढलं आहे त्याच्याकडे जा. चिटबॉयला, काट्यावरच्या माणसाला, सोसायटीच्या सचिवाला दाखवा. चिन्हं समजावत बसू नका. बाणावर बोट ठेवून विचारा: “काका, वजन झाल्यावर पावती कोणाकडे जाते? एक प्रत राहते का?” त्यांनी सांगितलेलं प्रिंटवरच पेनानं लिहा आणि त्याच संध्याकाळी फाइलमध्ये दुरुस्त करा. दुरुस्त केलेल्या फाइलच्या नावात तारीख घाला, जुनी फाइल पुसू नका. मूळ फाइल, पीडीएफ आणि पेनाच्या खुणांचा तो प्रिंट, तिन्ही एकत्र ठेवा. तोंडी परीक्षेत किंवा ग्राहकासमोर ‘हा बाण का?’ असं विचारलं गेलं तर तो खुणांचा कागद पुढे करा.